साडेसहावा पडदा

आज डल्सिमर. हे नाव ऐकून काहींना संतूर आठवेल. संतूरच्या कुळातलं, काड्यांनी वाजवायचं एक वाद्य खरंच या नावानं ओळखलं जातं. आपलं आजचं वाद्य मात्र वेगळं आहे: अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरातलं, तीन-चार तारांचं, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं. डावीकडे लाकडाची एक छोटी काडी सुरांच्या तारेवरून सरकते, उजव्या हातातल्या पिसाच्या देठानं सगळ्या तारा एकदम छेडल्या जातात. बाकीच्या तारा मोकळ्या, सा आणि प धरून गुणगुणत राहतात. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हा नाद परका वाटत नाही.

आता हे शिकायचं कुणाकडून? केंटकीच्या डोंगरात ना वर्ग होते, ना पुस्तकं. घरात कुणी वाजवत असेल तर बघायचं. जीन रिचीचा जन्म १९२२चा, व्हायपर नावाच्या गावातला. चौदा भावंडांत ती सगळ्यात धाकटी. वडील वाजवत, पण मुलांना वाद्याला हात लावायची बंदी होती. चार-पाच वर्षांची जीन लपूनछपून वाजवायची. चोरून मिळवलेली विद्या, दुसरं काय!

पुढे समाजकार्याची पदवी घेऊन ती न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंटमध्ये नोकरीला गेली आणि डल्सिमर शहरात पोचलं. तिची गाणी ऐकून लोकांना वाद्य हवंसं वाटू लागलं. तिनं आणि तिचे पती जॉर्ज पिकाऊ यांनी ब्रुकलिनमध्ये ते बनवायलाच सुरुवात केली. पण वाद्य घेतलेल्या माणसाला शिकवणार कोण? १९६३मध्ये जीनचं 'द डल्सिमर बुक' आलं. १९७१मध्ये जोनी मिचेलच्या 'ब्लू'मध्ये डल्सिमर वाजलं, आणि १९७५मध्ये 'डल्सिमर प्लेयर्स न्यूज' हे नियतकालिक सुरू झालं. आकड्यांची लिपी तर फारच सोयीची: रेघ म्हणजे तार, आकडा म्हणजे पडदा. स्वरलिपी न येणारा माणूसही दुपारभरात एखादी चाल काढू शकतो.

इथे खरी गंमत आहे. या वाद्याला बारा सुरांचे पडदे नसतात, सातच सुरांचे असतात. मोकळ्या तारेला सा धरलं तर कोमल निषाद मिळतो, म्हणजे आपला खमाज थाट. तिसऱ्या पडद्यावर सा धरलं तर बिलावल, चौथ्यावर काफी, पहिल्यावर आसावरी. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. मात्र गुणगुणणाऱ्या तारांशी सा जुळायला हवा, म्हणून डोंगरातले वादक गाण्यागणिक सुरांची तार चढवत-उतरवत.

दोघांत-तिघांत हे चालतं. पण मेळाव्यात तीस जण गोल करून बसले की दर गाण्याला तीस जणांनी तारा जुळवायच्या? अर्धा वेळ त्यातच जाणार. मग सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मधे एक जादा पडदा आला. साडेसहावा! त्यावर शुद्ध निषाद मिळतो, त्यामुळे खमाज आणि बिलावल दोन्ही एकाच जुळणीत वाजतात. सा-प-सां ही जुळणी घरोघर झाली. शिकणाऱ्यांचे हाल वाचले, अनोळखी माणसंही पहिल्या दिवशी एकत्र वाजवू लागली. त्याच वेळी काफी-आसावरीच्या जुन्या जुळण्या मागे पडत गेल्या. माझ्या मते हा सौदा वाईट नव्हता, पण फुकटही नव्हता.

जीन रिची २०१५मध्ये गेल्या. जादा पडदा नसलेलं वाद्य मुद्दाम घेणारे आणि बोटांऐवजी काडीच वापरणारे वादक आजही आहेत. नव्या पुस्तकांत मात्र तो पडदा नेमानं असतो. त्याचा आकडा छापतात '६+'.