कट्ट कडकट्ट

पावसाळा आला की आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असे : भामरागडचा संपर्क तुटला. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या जिथे भेटतात तिथे हे गाव. २०१९ च्या सप्टेंबरात तर पाणी थेट बाजारपेठेत शिरले होते. अशा वेळी वीज जाते, मोबाइलचे मनोरे मुके होतात आणि रस्त्याचा संपर्क व शब्दाचा संपर्क असे दोन्ही एकदमच संपतात. म्हणून आजचा विषय वरवर चार छांदिष्टांचा वाटला, तरी चंद्रपूर-गडचिरोलीकरांसाठी तो तसा नाही. हौशी रेडिओचा परवाना मागणाऱ्याला मोर्सची सांकेतिक भाषा यायलाच हवी का, हा तो प्रश्न.

हौशी रेडिओ म्हणजे आकाशवाणी नव्हे. आकाशवाणी बोलते आणि आपण ऐकतो. हौशी रेडिओवाला, ज्याला जगभर 'हॅम' म्हणतात, तो सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतो आणि स्वतःच्या यंत्रावरून दुसऱ्या परवानाधारकाशी बोलतो. ना मधे कंपनी, ना तार, ना मनोरा. राजीव गांधी असे हॅम होते. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला होते. बेटांचा मुख्य भूमीशी संबंध तुटल्यावर त्यांच्या यंत्रांवरून निरोप जाऊ-येऊ लागले.

आता मोर्सकडे वळू. २४ मे १८४४ रोजी सॅम्युअल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश धाडला. त्याच्याही आधी, १८३९ मध्ये, ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले होते. पुढे टपाल कचेरीतली आणि रेल्वे स्टेशनातली ती कट्ट कडकट्ट आपल्या आयुष्यात इतकी मुरली, की नुसते 'तार आली' म्हटले तरी घरातली बाई आधी भिंतीचा आधार घेई. आमच्या समाजात तर ईदचा चंद्र दिसल्याची साक्ष तारेवरून मानावी की नाही, यावर उलेमांमध्ये वाद झडले होते. तारेला चेहरा नाही, मग साक्षीदार कोण, असा तो मुद्दा. जुने तारमास्तर मात्र नुसत्या ठोक्यांवरून पलीकडे कोणाचा हात आहे ते ओळखत. २०१३ च्या जुलैत सरकारने तारसेवाच बंद केली.

मी बी.ए. झालेला माणूस, विजेचे गणित मला कळत नाही. पण मोर्सचे गणित कवीला लगेच कळते, कारण ते छंदाचे आहे. टिंब म्हणजे लघू, रेघ म्हणजे गुरू. फरक इतकाच, की आपला गुरू दोन मात्रांचा, मोर्सचा तीन. अक्षराअक्षरात तीन मात्रांची विश्रांती, शब्दाशब्दात सात मात्रांची. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणाऱ्या 'ई'ला एकच टिंब, 'टी'ला एकच रेघ. ज्याने हे योजले त्याला भाषेचा कान होता. आणि हे शिकायचेही वृत्तासारखेच असते. टिंबे मोजत बसणारा कधी शिकत नाही, चाल कानात बसावी लागते.

मग कायद्यात हे कसे शिरले? १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत आंतरराष्ट्रीय नियम ठरले तेव्हा जहाजे मोर्समध्येच बोलत. एखाद्या हौशाची लहर संकटातल्या जहाजाच्या आड आली आणि त्याला 'थांब' म्हटले, तर ते त्याला समजायला हवे, ही त्यामागची रास्त काळजी. आपल्याकडच्या १९७८ च्या नियमांत दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला ५ शब्द, पहिल्या श्रेणीला १२ शब्द अशी अट होती. ५ शब्दांची परीक्षा म्हणजे ५ मिनिटांत १२५ अक्षरे. मोर्स न येणाऱ्याला मर्यादित परवाना मिळे, पण तो व्हीएचएफपुरता. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. भामरागडच्या डोंगर-जंगलातून नागपूर गाठायचे तर लघुलहरीच हव्यात, आणि त्यांच्या दारावर मोर्सचे कुलूप. खरी गोम इथे होती.

१ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांनीही संकटकाळासाठी मोर्सवर विसंबणे सोडले. २००३ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेने आंतरराष्ट्रीय सक्ती काढून निर्णय देशोदेशींच्या सरकारांवर सोपवला. ब्रिटन आणि जर्मनीने त्याच वर्षी अट सोडली, अमेरिकेने फेब्रुवारी २००७ मध्ये. भारताने पुढे जुन्या श्रेणी मोडून सर्वसाधारण आणि मर्यादित असे दोन वर्ग केले. मर्यादितला मोर्स नको, पण त्याची शक्ती कमी. सर्वसाधारणसाठी मिनिटाला ८ शब्दांची अट ठेवली.

मोर्सच्या बाजूने बोलणारे काही खुळे नाहीत. मोर्सचे यंत्र मूठभर सुट्या भागांतून घरी जोडता येते, लहानशा बॅटरीवर चालते. खरखरीत माणसाचा आवाज विरघळून जातो, तिथेही ठोका ऐकू येतो. पुरात अडकलेल्या गावासाठी यापेक्षा स्वस्त साधन मला तरी ठाऊक नाही. मात्र हाही गुण आता एकट्या मोर्सचा राहिलेला नाही. २०१७ मध्ये आलेली 'एफटी-८' ही पद्धत संगणकाच्या मदतीने मानवी कानाला जे ऐकूच येत नाही तेही टिपते. तिच्या कर्त्यांपैकी एक, जोसेफ टेलर, भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले. आणि ठोका ऐकू येऊनही उपयोग काय, पलीकडे तो उकलणारा कोणी नसेल तर? मोर्सला दोघे जाणकार लागतात. बोलण्याला मराठी, माडिया, तेलुगू, काहीही चालते.

परवान्यासाठी मोर्सची सक्ती नको, असे माझे मत आहे. परीक्षा असावी ती दुसऱ्याच्या लहरीत न शिरण्याची, यंत्र सुरक्षित हाताळण्याची, संकटातला निरोप शब्द न बदलता पुढे देण्याची. आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. नक्षलवादाच्या सावलीत वाढलेल्या या जिल्ह्यांत कोणाच्या घरी वायरलेस संच आहे म्हटले की भुवया उंचावतात. परवाना असेल तर नाव, पत्ता आणि बोलण्याचे संकेतचिन्ह सरकारदरबारी नोंदलेले असते, म्हणजे भीतीला जागा कमीच. सिरोंचा, एटापल्ली, भामरागड इथल्या एकेका शाळेतले दोन शिक्षक, आरोग्य केंद्रातला एक कर्मचारी, एवढ्यांनी परवाने घेतले आणि पावसाळ्याआधी आठवड्यातून एकदा एकमेकांना हाक दिली तरी पुष्कळ. त्यांतल्या एखाद्याला ठोक्यांची गोडी लागली तर त्याने मोर्स जरूर शिकावे. अमेरिकेत सक्ती उठल्यावरही हौसेने शिकणारे आहेतच.