‘भाऊ, डोळे झाकून घे’: कोणती शिफारस ऐकायची आणि कोणती तपासायची?

‘नागपूरला येतोय, काय खाऊ आणि घरी काय घेऊन जाऊ?’ एवढं सोशल मीडियावर टाका, उत्तरांचा पाऊस पडतो. तर्री पोहे, सावजी, सांबारवडी, संत्रा बर्फी. मग कुणी विचारतं, कूलर कोणता घेऊ? कुणी विचारतं, बहिणीच्या लग्नात काय देऊ? आणि कुणी विचारतं, बोनसचे पैसे कुठे टाकू? उत्तर देणारी माणसं बहुतेकदा तीच असतात आणि सूरही तोच असतो: ‘भाऊ, डोळे झाकून घे.’

गडबड इथेच होते. पोह्यांचा सल्ला चुकला तर एक नाश्ता वाया जातो आणि ते पहिल्याच घासाला कळतं. पैशांचा सल्ला चुकलाय हे कळायला मात्र काही वर्षं लागू शकतात आणि तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून कोणतीही शिफारस ऐकताना दोन प्रश्न विचारायचे. ही चुकली तर नुकसान किती? आणि चुकली हे कळायला वेळ किती?

खाणं, भेटवस्तू, घरातल्या वस्तू आणि पैसे, या क्रमाने पाहूया.

खाणं: इथे बिनधास्त ऐका

खाण्याच्या बाबतीत मित्राचा सल्ला सगळ्यात उपयोगी. फक्त शब्द नीट समजून घ्या. विदर्भात कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणतात. त्यामुळे सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी, तिचा इडलीसोबतच्या सांबाराशी संबंध नाही. तर्री म्हणजे पोह्यांवर घालायचा हरभऱ्याचा झणझणीत रस्सा. आणि सावजी ही मूळची हलबा कोष्टी या विणकर समाजाची पद्धत. तिखटाची सवय असलेला माणूस ‘मस्त आहे’ म्हणतो, तेव्हा ते ‘मस्त’ तुमच्या पोटाला झेपेलच असं नाही.

मिठाई सोबत न्यायची असेल तर एक गोष्ट तपासा. संत्रा बर्फीत खवा असेल तर ती किती दिवस टिकेल हे आधी विचारा. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कोणत्या तारखेपर्यंत खाणं चांगलं, हे लिहिण्याचा नियम एफएसएसएआयने १ ऑक्टोबर २०२० पासून लागू केला. पाकीट असेल तर त्यावर तारीख आणि एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक पाहा.

भेटवस्तू: भावना तुमची, खात्री कागदाची

‘नागपूरची संत्री घेऊन जा’ हा सल्ला बाराही महिने मिळतो, पण झाडाला फळ बाराही महिने नसतं. आंबिया बहराची संत्री साधारण दिवाळीनंतर बाजारात येतात, मृग बहराची फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तरीही ‘नागपुरी’ असं लिहिलेलं प्रत्येक खोकं नागपूरचंच असेल असं नाही. हंगाम माहीत असला की निम्मी फसवणूक तिथेच टळते.

साडी द्यायची असेल तर विदर्भाची करवतकाठी पाहा. तिच्या काठाची नक्षी करवतीच्या दातांसारखी असते, म्हणून हे नाव. पण ‘शुद्ध टसर आहे’ हे दुकानदाराचं किंवा मावशीचं वाक्य पुरेसं नाही. सिल्क मार्कचं लेबल आहे का ते बघा.

सोन्याचं तर आणखी सोपं आहे. इतवारीच्या सराफ्यात घ्या किंवा मॉलमध्ये, १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक लागतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याची शुद्धता समोर येते. ‘आपला नेहमीचा सोनार आहे’ हा विश्वास ठेवा, आणि क्रमांकही तपासा. चांगल्या सोनाराला त्याचा राग येत नाही.

घरातल्या वस्तू: सांगणारा कुठे राहतो?

वस्तूंच्या शिफारशीत लोक एक प्रश्न विसरतात. सांगणाऱ्याची परिस्थिती माझ्यासारखी आहे का?

नागपूरचा कूलर हे याचं उत्तम उदाहरण. कूलर पाण्याचं बाष्पीभवन करून हवा थंड करतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ आणि हवा कोरडी असते, तेव्हा तो कमाल करतो. हाच कूलर मुंबईच्या दमट हवेत खोली फक्त ओलसर करतो. त्यामुळे मुंबईचा भाऊ ‘कूलर बेकार असतो’ म्हणत असेल तर तो त्याच्या जागी बरोबर आहे, पण तुमच्यासाठी ते उत्तर चुकीचं आहे. खोलीची एक खिडकी उघडी ठेवली नाही तर नागपुरातही कूलर दगा देतो, आणि मग दोष कंपनीला जातो.

एसी किंवा फ्रिज घेताना स्टार लेबलवरचे तारे मोजून थांबू नका. लेबल कोणत्या वर्षांचं आहे तेही वाचा. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्याचे पाच तारे सारखे नसतात. कुकर आणि हेल्मेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. आणि कूलर कोणताही घ्या, अर्थिंग तपासल्याशिवाय चालू करू नका, पाणी भरताना प्लग काढा. हा सल्ला मात्र डोळे झाकून पाळा.

पैसे: इथे ‘मला मिळाले ना’ हा पुरावा नाही

आता अवघड भाग. नागपूरने याची किंमत मोजली आहे. २०१३ मध्ये श्रीसूर्या समूहावर आणि २०१४ मध्ये वासनकर वेल्थ मॅनेजमेंटवर गुन्हे दाखल झाले. आरोप साधारण सारखेच होते. मोठ्या परताव्याचं आश्वासन देऊन लोकांचे पैसे घेतले आणि ते परत केले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत टोरेस ज्वेलरीचं प्रकरण उघड झालं. तिथे दर आठवड्याला परतावा देण्याचं आमिष होतं आणि नवी माणसं आणणाऱ्याला वेगळा लाभ.

अशा योजनांत लोक जाहिरात पाहून कमी आणि ओळखीच्या माणसाचं ऐकून जास्त येतात. शेजारी, ऑफिसमधले सर, साळा, भिशीतली मैत्रीण. आणि गंमत म्हणजे सांगणारा बहुतेकदा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच पैसे मिळालेले असतात. सुरुवातीच्या लोकांना नंतर आलेल्यांच्या पैशांतून परतावा देता येतो. नवे लोक यायचे थांबले की साखळी तुटते. म्हणजे ‘मला सहा महिने बरोबर मिळतायत’ हे वाक्य खरं असूनही योजना खोटी असू शकते. पोह्यांच्या बाबतीत स्वतःचा अनुभव हा पुरावा असतो. इथे तो पुरावा नाही.

एक साधा हिशोब करून बघा. ७२ ला वार्षिक व्याजदराने भागलं की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. बँकेच्या ७ टक्क्यांनी दहाएक वर्षं लागतात. कुणी महिन्याला ३ टक्के देतो म्हणत असेल तर पैसे दोन वर्षांत दुप्पट व्हायला हवेत. असा कोणता धंदा आहे जो हे दर महिन्याला, न चुकता, खात्रीने देतो? याचं उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालू नका.

मग तपासायचं काय?

- सल्ला फी घेऊन देत असेल तर सेबीची नोंदणी हवी. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो. म्युच्युअल फंड विकणाऱ्याकडे एआरएन क्रमांक असतो. सेबी आणि ॲम्फीच्या वेबसाइटवर नाव शोधा.
- ठेव घेणारी संस्था परवानगी असलेली आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर बघता येतं. तक्रारही तिथेच करता येते.
- बँकेतल्या ठेवीला, व्याज धरून, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्थेला मात्र हा विमा लागू नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्या दिसतात, म्हणून नाव पूर्ण वाचा.

रीलवाला सांगतोय, त्याचं काय?

जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत की पैसे, फुकट वस्तू किंवा सवलत घेऊन शिफारस केली तर ते प्रेक्षकाला स्पष्ट दिसेल असं सांगायला हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सेबीनेही ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याकडे नोंदणी असलेल्या संस्थांना नोंदणीशिवाय सल्ले देणाऱ्यांशी संबंध ठेवायला मनाई केली.

रील बघताना ‘पेड पार्टनरशिप’, ‘जाहिरात’ हे शब्द शोधा. खाली खरेदीची लिंक असेल तर त्यावर कमिशन असू शकतं. कमिशन असलं म्हणजे वस्तू वाईट असं नाही. पण तो सल्ला मित्राचा नाही, विक्रेत्याचा आहे असं धरून ऐका.

काकांना नाही कसं म्हणायचं?

नात्यातला माणूस योजना घेऊन घरी येतो, तेव्हा खरा पेच पडतो. चहा होतो, विषय निघतो आणि ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ इथे गाडी अडते. भांडायची गरज नाही. ‘काका, नोंदणीचा क्रमांक आणि कागद व्हॉट्सॲपवर पाठवा, दोन दिवसांत बघून सांगतो,’ एवढं पुरतं. खऱ्या योजनेला दोन दिवसांनी फरक पडत नाही. ‘आजच भरा, ऑफर संपतेय’ असं उत्तर आलं तर तुमचं काम झालं.

आणि शिफारस तुम्ही करणार असाल तर? अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ पासून आहे. अशा योजनेत पैसे टाकायला लावण्यासाठी जाणूनबुजून खोटं आश्वासन देणं हाही त्यात गुन्हा आहे. त्यामुळे स्वतः न तपासलेली योजना ग्रुपवर पुढे ढकलू नका.

फसवणूक ऑनलाइन झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात. वस्तू किंवा सेवेची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ठेव बुडाली असेल तर पोलिसांत तक्रार द्या. महाराष्ट्रात १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली संस्थेची मालमत्ता जप्त करता येते. पण जप्ती, लिलाव आणि वाटप यात वर्षं जातात. त्यापेक्षा आधीचे दोन दिवस स्वस्त पडतात.

पोहे कुठले खायचे ते मात्र मित्रालाच विचारा.