कृष्णधवल छायाचित्रण : फिल्म आणि फिल्टरची निवड

कृष्णधवल छायाचित्रात रंग नसले, तरी छायाचित्रकारासमोरचे जग रंगीतच असते. त्यातला कोणता रंग किती गडद करड्या छटेत उतरणार, हा या कलेतील कळीचा प्रश्न. लाल जास्वंद आणि तिची हिरवी पाने डोळ्यांना वेगळी दिसतात; फिल्मवर मात्र ती जवळजवळ एकाच छटेत मिसळून जाऊ शकतात. हे टाळायचे तर फिल्म आणि फिल्टर यांची निवड विचारपूर्वक करावी लागते.

फिल्मचा वेग प्रथम पाहावा. इल्फर्डच्या 'एफपी ४ प्लस'सारख्या १२५ आयएसओच्या फिल्मचे कण बारीक असतात. मोठ्या प्रतीतही तपशील टिकतो. 'एचपी ५ प्लस' किंवा कोडॅकची 'ट्राय-एक्स' या ४०० आयएसओच्या फिल्म कमी प्रकाशात उपयोगी पडतात, मात्र त्यांचे कण अधिक ठळक दिसतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाश टिपत नाही, त्यामुळे ओठ काळपट येतात. प्रचलित पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्व रंग टिपते. पण निळ्या रंगाला ती अधिक संवेदनशील असल्याने आकाश फिकट होऊन ढग हरवतात.

येथे फिल्टर मदतीस येतो. फिल्टर स्वतःच्या रंगाच्या वस्तू उजळ करतो आणि विरोधी रंगाच्या गडद. पिवळ्या फिल्टरने आकाश किंचित गडद होते, नारिंगीने अधिक, तर लाल फिल्टरने जवळजवळ काळे. हिरव्या फिल्टरने पाने उजळतात. मात्र आकाश ढगांनी पांढरे झाले असेल, तर लाल फिल्टरचाही फारसा उपयोग होत नाही. फिल्टर प्रकाश अडवतो, हेही ध्यानात ठेवावे. पिवळ्यासाठी सुमारे एक आणि गडद लालसाठी सुमारे तीन स्टॉप, म्हणजे आठपट, प्रकाश वाढवावा लागतो. स्वतंत्र प्रकाशमापक वापरणाऱ्याने ही वाढ स्वतः करावी.

या निवडीने काय साधते, याचे उदाहरण अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी घालून दिले. १९२७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील योसेमिटी येथे 'हाफ डोम' हा कडा त्यांनी पिवळा फिल्टर लावून टिपला. मनातले गडद आकाश त्यातून उतरणार नाही, हे लगेच उमगल्याने उरलेली एकमेव काचप्लेट त्यांनी गडद लाल फिल्टर लावून वापरली. 'मोनोलिथ' हे त्यांचे विख्यात छायाचित्र त्यातूनच साकारले.

फिल्मवर एकरूप झालेल्या दोन छटा डार्करूममध्ये पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत. म्हणूनच हा निर्णय शटर दाबण्यापूर्वीच घ्यावा लागतो.