बेळगावचा उद्योजक आणि डेट्रॉइटचा मतदार

कोकणच्या माणसाला देशांतराचे नवल नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या घराघरांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, बोटीवर गेली, आखातात गेली. मालवण तालुक्यातील वराडचे एक डॉक्टर आयर्लंडला स्थायिक झाले आणि त्यांचा तिथेच जन्मलेला मुलगा, लिओ वराडकर, २०१७ मध्ये त्या देशाचा पंतप्रधान झाला. अशा वेळी आपण आनंद मानतो, पण एक प्रश्न विचारायचा राहून जातो. परमुलखात जाऊन धन मिळवलेल्या माणसाने तिथल्या लोकांची मते कशाच्या बळावर मागावीत? या प्रश्नाच्या विचारासाठी आम्ही श्री ठाणेदार यांचे चरित्र निवडले आहे.

आंबोलीचा घाट चढून गेले की बेळगाव दूर नाही. ठाणेदारांचा जन्म १९५५ चा, त्याच जिल्ह्यातील चिकोडीचा. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. ओढगस्तीच्या घरातला हा मुलगा रसायनशास्त्र शिकला, मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. झाला आणि १९७९ मध्ये अमेरिकेस गेला. तिथे त्याने ॲक्रन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. काही वर्षे नोकरी केल्यावर ७५,००० डॉलरचे कर्ज काढून सेंट लुईसची ‘केमिर’ ही तीन माणसांची प्रयोगशाळा विकत घेतली आणि वाढवली. ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मचरित्रामुळे ही कहाणी मराठी वाचकाला ठाऊक आहे.

परंतु धंद्याच्या वहीत जमा असते तशी नावेही असते. कर्जावर वाढवलेला औषधतपासणीचा व्यवसाय २००८ च्या मंदीत सापडला. २०१० मध्ये बँकेच्या दाव्यावरून कोर्टाने रिसीव्हर नेमला, प्रयोगशाळा विकल्या गेल्या किंवा बंद पडल्या, माणसांच्या नोकऱ्या गेल्या. ठाणेदारांनी त्याच वर्षी मिशिगनमध्ये ‘ॲव्होमीन’ ही नवी कंपनी काढली. २०१६ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला, तेव्हा सुमारे पन्नास नोकरांना १५ लाख डॉलर वाटले. ही गोष्ट गौरवाची आहे, यात शंका नाही. मात्र मालकाची दिलदारी हा कामगाराचा हक्क होत नाही, हे आम्ही संघटनेची माणसे विसरत नाही. मंदीत नोकरी जाते आणि तेजीत बक्षीस मिळते. दोन्ही वेळा निर्णय दुसऱ्याचाच असतो.

निवडणुकीत मात्र हे नाते उलटते. २०१८ मध्ये ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागण्यास उभे राहिले. तासाला १५ डॉलर किमान वेतनाची मागणी त्यांनी उचलून धरली आणि पदरचे एक कोटीहून अधिक डॉलर खर्चले. दूरचित्रवाणीवर त्यांचे नाव दुमदुमले, तरी पक्षांतर्गत मतदानात ते तिसरे आले. पुढे ते डेट्रॉइटला राहावयास गेले. २०२० मध्ये तिथून राज्याच्या विधिमंडळात आणि २०२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले. २०२४ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा पाठवले.

डेट्रॉइट हे मोटारकामगारांचे शहर आहे, आणि तिथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची. १९५५ पासून त्या शहरातून काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी सतत होता. तो क्रम २०२३ मध्ये तुटला. २०२२ च्या पक्षांतर्गत लढतीत नऊ उमेदवार होते आणि शेकडा २८ च्या आसपास मतांवर ठाणेदार पुढे आले. आपला माणूस जिंकला म्हणून इथे टाळ्या पडतात. तिथल्या अनेकांना मात्र आपला आवाज हरवल्याची खंत वाटली. ती खंत समजून घेणे हे त्या खुर्चीवर बसणाऱ्याचे पहिले काम आहे.

पैशाने उमेदवाराचे नाव दारोदार पोचते. पण दार उघडायचे की नाही, हे घरातला माणूस ठरवतो. आपल्याकडेही बाहेरून धन मिळवून आलेला चाकरमानी निवडणुकीस उभा राहतो. त्याचा राग नको, भुरळही नको. त्याने किती मिळवले हे विचारण्याआधी, त्याच्या हाताखाली राबलेल्यांचे काय झाले, हे मतदाराने जरूर विचारावे.