कटगुणचे गोऱ्हे पुण्यात फुले झाले

सातारा जिल्ह्यातल्या कटगुण गावचे गोऱ्हे कुटुंब पुण्यात आले, त्याने फुलांचा व्यवसाय धरला आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. १८२७ साली त्या घरात जन्मलेल्या मुलाचे नाव जोतिबा देवावरून जोतिराव ठेवले गेले. महात्मा फुल्यांच्या नावातला देव असा जुना आहे आणि आडनाव मात्र धंद्यामागून आलेले.

आपण समजतो ते बरोबर उलटे. नाव एका माणसाचे, त्याच्याबरोबर संपणारे. आडनाव घराण्याचे, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र आडनावे सर्रास बदलली आणि नावेच घरात पुन्हा पुन्हा परतली.

'शतपत्रे' लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचे घराणे मूळचे सिद्धये. देशमुखीचे वतन आले आणि ते देशमुख झाले. कान्होजी आंग्रे यांचे मूळ आडनाव संकपाळ; आंग्रे हे अंगारवाडी गावावरून आले. गावाची दप्तरे सांभाळणारा कुळकर्णी, परगण्याची सांभाळणारा देशपांडे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. नाना फडणवीस हे घराण्याने भानू, कागदावर बाळाजी जनार्दन आणि लोकांच्या तोंडी फडणवीस. त्यांच्या काळात कोणाला त्यात विसंगती वाटली नाही, कारण हुद्दा, बाप आणि कूळ या तिन्ही खुणा ज्या त्या प्रसंगी कामाला येत.

पेशव्यांचेही तेच. श्रीवर्धनच्या या घराण्याचे आडनाव भट. पण बाजीरावांच्या शिक्क्यात भट नाही, 'बाजीराव बल्लाळ' आहे, म्हणजे बाळाजीचा बाजीराव. त्यांचा मुलगा पुन्हा बाळाजी. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची चाल घरोघरी होती. शिवाजी महाराज १६८० साली गेले आणि १६८२ साली संभाजी महाराजांना मुलगा झाला, तेव्हा त्याचेही नाव शिवाजी ठेवले. तोच पुढे छत्रपती शाहू.

नाव ठेवताना कधी आजोबा आठवत, कधी नवस. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवल्याचे प्रसिद्धच आहे. गरिबाघरची भीती वेगळी असे. मुले जगत नसली की पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरबा म्हणत. इतके टाकाऊ नाव ऐकून काळाची नजर वळू नये, एवढीच आईची इच्छा. बारशाला आत्या पाळण्याशी वाकून कानात 'कुर्रर्र' करून सांगते ते नाव. आडनाव असे कानात कोणी सांगत नाही. ते जन्मताच मिळते. दगडू, धोंडू ही नावे वाचून हसणाऱ्यांनी त्यांमागची मेलेली भावंडे आठवावीत.

इंग्रजी अमलात शाळा, पलटण, कचेरी यांच्या नोंदवह्या आल्या आणि प्रत्येकाला एक कायमचे आडनाव लिहून द्यावे लागले. वहीत जे चढले तेच पुढे चालले. रामजी मालोजी सकपाळ हे मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. त्यांच्या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले ते 'भिवा रामजी आंबेडकर' असे. त्याच वर्षी गोव्यात मंगेशी गावी दीनानाथांचा जन्म झाला. त्यांचे वडील मंगेशाच्या देवळात अभिषेक करीत. दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव लावले आणि ते संगीताच्या जगात अजरामर झाले.

म्हणून आडनावावरून कोणाची जात, पत किंवा लायकी जोखणे चूक आहे. अनेक आडनावे चारपाच पिढ्यांपलीकडे वेगळी होती. आपले कोणते होते, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहून ठेवा. घरात कोणी सांगणारे उरले नसेल, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. त्यांच्या नामावळीच्या वह्यांत आलेल्या यजमानांचे गाव, आडनाव आणि वाडवडिलांची नावे लिहिलेली असतात.