मोजपट्टी कोणाच्या हातात?

परवा भाच्याचा फोन आला. हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत आहे. म्हणाला, "मामा, यंदा आमच्या टीमची व्हेलॉसिटी 40 टक्क्यांनी वाढली!" मी म्हटलं, "वा! म्हणजे काम जवळजवळ दीडपट व्हायला लागलं की!" तो हसला. "काम तेवढंच आहे रे. पूर्वी जिथे 3 पॉइंट द्यायचो तिथे आता कधीकधी 5 देतो. साहेबांना आलेख चढता लागतो." मग जरा गप्प झाला आणि म्हणाला, "शेजारच्या टीमने पॉइंट फुगवले नाहीत. त्यांच्यातल्या दोघांचं रेटिंग घसरलं."

आधी मलाही हसू आलं होतं. पण त्या शेवटच्या वाक्याने रात्री झोप उडवली.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अजाईल पद्धतीत मोठ्या कामाचे छोटे तुकडे करतात, त्यांना 'स्टोरी' म्हणतात. प्रत्येक स्टोरीला किती कष्ट पडतील याच्या अंदाजाने टीमच पॉइंट देते. दोन-तीन आठवड्यांच्या एका स्प्रिंटमध्ये जितके पॉइंट पुरे झाले, ती व्हेलॉसिटी. म्हणजे कापड मोजणाऱ्यानेच आपला गज ठरवायचा! टीमला स्वतःचं नियोजन करायला हे उत्तम आहे. गंमत अशी की फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत, युटामधल्या स्नोबर्डला 17 जणांनी जो अजाईल जाहीरनामा लिहिला, त्यात पॉइंटांचा उल्लेखच नाही. प्रगतीचं मुख्य माप म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर, एवढंच त्याची तत्त्वं सांगतात.

मग एवढ्या मोठ्या संस्थेत अजाईलने फरक पडला की नाही हे मोजायचं कसं? मला यासाठी एफबीआयची गोष्ट फार बोलकी वाटते.

एफबीआयला तपासाच्या कागदी फायली संगणकावर आणायच्या होत्या. पहिला प्रयत्न सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून 2005 मध्ये सोडून द्यावा लागला. 2006 मध्ये 'सेंटिनल' नावाने दुसरा सुरू झाला, कंत्राट लॉकहीड मार्टिनकडे. बजेट आधी 42.5 कोटी डॉलर होतं, ते पुढे 45.1 कोटी झालं. 2010 च्या मध्यापर्यंत त्यातले सुमारे 40.5 कोटी संपले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. 'मायटर' या संस्थेने अंदाज दिला की असंच चालू ठेवलं तर आणखी किमान 35.1 कोटी डॉलर आणि सहा वर्षं लागतील. तेव्हा एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेतलं, माणसं कमी केली, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले. सप्टेंबर 2011 चा मुहूर्त हुकला. त्या ऑक्टोबरमध्ये खऱ्या वापरणाऱ्यांना बसवून चाचणी घेतली, तर यंत्रणा धापा टाकायला लागली! अखेर 1 जुलै 2012 ला सेंटिनल सगळ्यांसाठी सुरू झालं.

झाला ना अजाईलचा विजय? झालाही असेल. पण जरा थांबा. त्याच वेळी कारभार कंत्राटदाराकडून घरात आला, टीम लहान झाली, वरिष्ठ स्वतः लक्ष घालू लागले. आधीचे दोन टप्पेही तयार होतेच. यातलं श्रेय नेमकं कशाचं? अजाईल न वापरणारं दुसरं एफबीआय काही शेजारी उभं नव्हतं, तुलना करायला. आणि ते 35.1 कोटी, सहा वर्षं? तोही अंदाजच. म्हणजे 'वाचलेले पैसे' मोजायचे तर न घडलेल्या गोष्टीतून घडलेली वजा करायची!

दुसरं उदाहरण सेल्सफोर्सचं. 2006 च्या अखेरीला त्यांनी एका दमात सगळी टीम अजाईलवर नेली आणि वर्षभराने सांगितलं की फीचर्स 94 टक्के वाढली, दर डेव्हलपरमागे 38 टक्के. आकडे मोठे आहेत. पण ज्या वर्षाशी तुलना होती, त्या 2006 मध्ये त्यांची गाडी इतकी अडली होती की मोठी आवृत्ती एकच निघाली. आजारी माणूस औषध घेतो तो ताप सर्वांत चढलेला असताना. नंतर उतरलेला सगळा ताप औषधानेच उतरला, असं म्हणता येत नाही. औषध वाईट आहे असंही नाही, बरं का.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक गोष्ट मांडली होती: एखाद्या आकड्यात दिसणाऱ्या नियमिततेचा नियंत्रणासाठी वापर सुरू केला की ती नियमितताच मोडते. भाच्याच्या ऑफिसात तेच झालंय. पॉइंट नियोजनासाठी होते तोवर खरे होते, बढतीसाठी झाले आणि फुगले.

सेंटिनलमध्ये मला आवडतो तो ऑक्टोबर 2011 चा दिवस. त्या दिवशी माप टीमच्या हातात नव्हतं, साहेबाच्याही नव्हतं. ते वापरणाऱ्याच्या हातात होतं. म्हणून खरं कळलं, आणि वेळेत कळलं.

भाच्याला म्हटलं, साहेबांना पॉइंट दाखवच, पण सोबत आणखी तीन गोष्टी मांड. मागणी आल्यापासून वापरणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत किती दिवस गेले? दिलेलं काम किती वेळा दुरुस्तीला परत आलं? आणि रात्री दहापर्यंत किती जण थांबले? शेजारच्या टीमचेही हेच आकडे मांड.

"आणि त्यात ते आमच्या पुढे निघाले तर?" त्याने विचारलं.

तर त्या दोघांचं रेटिंग कदाचित परत मिळेल. तुझी व्हेलॉसिटी जराशी उतरेल, एवढंच.

तो काहीच बोलला नाही. बघू, काय करतो ते.