खोटी पत्रे आणि चौथे शिवाजी महाराज

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरचेच. गेल्या आठवड्यात आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एका पुढाऱ्याचे 'पत्र' पुढे ढकलले. सही-शिक्का सगळे होते. तासाभरात नातीचा फोन, "आबा, ते बनावट आहे." जन्मभर मास्तरकी केली आणि पकडले नातीने! ग्रुपवर चूक कबूल केली. पत्राला सतरा अंगठे आले होते, कबुलीला दोन.

तेव्हापासून 1882 चे 'कोल्हापूर प्रकरण' डोक्यात घोळतेय. केसरी तेव्हा जेमतेम वर्षाचा. आपले चौथे शिवाजी महाराज ऐन तारुण्यात, पण इंग्रजांनी वेडे ठरवून देखरेखीत ठेवलेले. त्यांचा छळ होतो अशी बोलवा होती. त्यातच कारभारी रावबहादूर बर्वे यांच्या नावची पत्रे बाहेर आली. टिळक-आगरकर पंचविशीतले. केसरी आणि मराठा दोन्ही पत्रांतून त्यांनी बर्व्यांवर तोफ डागली.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची साधी कैद झालीच. डोंगरीत 101 दिवस काढून ते 26 ऑक्टोबरला सुटले तेव्हा स्वागताला ही गर्दी! पत्रांचे काय झाले, हे त्या गर्दीत कुणी विचारले असेल असे वाटत नाही.

मीही वर्गात कधी सांगितले नाही. तुरुंग सांगायचो, जयजयकार सांगायचो. एकदा एका पोराने विचारले, "सर, मग शिक्षा कशाबद्दल झाली?" मी ठोकून दिले, "देशभक्तीबद्दल!" वर्गाने टाळ्या वाजवल्या.

पण खरी बोच पुढेच आहे. 25 डिसेंबर 1883 ला अहमदनगरला देखरेखीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन महाराज गेले. वय अवघे वीस. म्हणजे काळजी खरी होती, कागद खोटे होते. आणि त्या कागदांमुळे कोर्टात प्रश्न उरला तो बर्व्यांच्या अब्रूचा. महाराजांचा राहूनच गेला.

तेव्हा निदान खिळे जुळवावे लागत, छापखाना लागे. आता अंगठा पुरतो. जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून आपल्याच गावात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. असो.

तो पोरगा आता पन्नाशीत असेल. इचलकरंजीला असतो म्हणे. नंबर मिळवतोय, फोन करून त्या प्रश्नाचे खरे उत्तर सांगायचे आहे.